नोंदवहीतलं झुडूप

देपालपूरच्या रस्त्याला, इंदूर संपलं असं तेव्हा वाटायचं तिथे,
खजुरीच्या तलावाची पाळ.
आम्ही इंदूरची माणसं बांध म्हणत नाही, पाळच म्हणतो;
गाय पाळावी तसं तिने पाणी पाळलेलं.
अंगावर काळी माती, पोटात पिवळी,
किती गाढवांनी वाहिली, कुठे लिहिलेलं नाही.
आणि वर अर्जुनसादड्याची बारा झाडं,
पांढुरक्या खोडांची, पाण्याकडे किंचित कललेली,
कमरेएवढ्या उंचीवर सोललेली,
कारण गावातल्या बायका छातीच्या दुखण्याला
त्यांच्या सालीचा काढा देत.

सत्त्याऐंशी साली परिपत्रक आलं.
मातीच्या बांधावर झाड नको.
वारा झाडाला हलवतो, झाड मातीला,
माती मग पाण्याला वाट देते.
वाक्यं बिनचूक होती. अजूनही आहेत.
मी सव्वीस वर्षांचा, रामबागेत भाड्याची खोली,
खिशात नवा कॅल्क्युलेटर.

तलावाचा चौकीदार गेंदालाल केवट
पाळीवर अनवाणी चालायचा.
गरिबीने, असं मी समजलो होतो.
तो तळव्यांनी ओल तपासत होता,
हे कळायला मला सहा वर्षं लागली.

झाडांवर चुन्याचे आकडे टाकताना तो एवढंच म्हणाला,
"बाबूजी, जीवती जड़ माटी ने पकड़े.
मरी जाय तो पोल रई जाय."
मी म्हटलं, खोडं जमिनीलगत कापू, मुळांना धक्का नाही.
तो हसला नाही. बाराव्या झाडापाशी जाऊन
नुसता उभा राहिला, पाठ टेकून,
बिडी संपली तरी.
चुना संपत आला होता, ऊनही फार होतं.
मी नोंदवहीत लिहिलं:
झाडे अकरा. झुडूप एक.

अकरांचा लिलाव झाला. लाकूड चांगल्या भावाने गेलं.
पाळ स्वच्छ दिसू लागली, न्हाव्याकडून आलेल्या पोरासारखी.
अधीक्षक अभियंत्यांनी शेरा दिला: समाधानकारक.

त्र्याण्णवच्या भादव्यात, रात्री दोनला,
गेंदालालचा मुलगा लूनावर आला.
पायथ्याशी करंगळीएवढं पाणी फुटलं होतं.
कंदिलाच्या उजेडात त्याने ओंजळ भरून दाखवली.
निवळ झिरपलं तर पाळ श्वास घेते आहे;
गढूळ झिरपलं तर ती स्वतःच बाहेर पडते आहे.
ओंजळीत पिवळी माती होती. पोटातली.

भोक दाबायचं नाही, हे पुस्तकातलं मला आठवलं,
बाकी सगळं त्यांनी केलं.
आधी वाळू, मग बजरी, मग दगड,
पाण्याला जाऊ द्यायचं, मातीला नाही.
घमेली बायकांच्या हातून हातात.
पहाटे पाणी निवळ झालं
तेव्हा कुणी ओरडलं नाही. चहा मागवला.

उन्हाळ्यात तलाव उतरल्यावर आम्ही तिथे खणलं.
सातव्या खुंटाखाली एक नळी निघाली:
साल शाबूत, आतलं लाकूड वाळवीने नेलेलं.
मी हात घातला. कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत.
आत थंड होतं.
पुढे तिला फाटे फुटत होते,
आणि बोटांनी चाचपताना लक्षात आलं,
हे अख्खं झाडच आहे, लाकूड सोडून.
गेंदालाल वर उभा होता. म्हणाला,
"हाथ निकाळो बाबूजी, साँप रे वाँ."

झुडपाखाली मात्र माती
कुदळीला टणत्कार देत होती.
त्याचा अर्थ मी अहवालात लिहिला नाही.
एका झाडावरून नियम होत नाही;
शिवाय ते झाड नव्हतंच.

आता इंदूर तिथवर आलं आहे.
पाळीवर फरशा बसवल्यात, माणसं घड्याळात पावलं मोजत फिरतात,
मीही, डॉक्टरांनी सांगितल्यावरून.
गेंदालाल जाऊन अकरा वर्षं झाली.
झुडपाला दोघांनी कवेत घ्यावं लागतं.
त्याच्यापाशी फरशा वर उचलल्या गेल्यात,
महापालिकेकडे तक्रार आहे, असं ऐकतो.

मी तिथे बूट काढतो.
तळव्यांना काही कळत नाही.
तरी उभा राहतो.