नात्याचा रकाना

सोहारच्या ऑफिसात एसी इतका गार
की हातातलं पेन परकं वाटतं.
बिजू फॉर्म सरकवतो.
रजेचं कारण. दिवस किती. आजारी व्यक्तीशी नातं.
खाली चारच चौकोन:
आई, वडील, पत्नी, अपत्य.

शेवंताकाकीला कुठे बसवू?
माझ्या पहिल्या व्हिसासाठी तिने पाटल्या मोडल्या,
हातातून काढताना साबण लावावा लागला होता,
आणि ती हसत होती,
म्हणे, भांडी घासताना अडकतातच मेल्या.

बिजू हळूच म्हणतो, आई लिही, कोण बघतंय?
मग स्वतःच स्क्रीनकडे बघून गप्प होतो.
आई : मयत. सात दिवस. मंजूर.
कंपनीच्या वहीत आई एकदाच मरते.

काल गुहागरहून चुलतभावाचा फोन.
डॉक्टर काय म्हणाले ते त्याने सांगितलं नाही,
एवढंच, की काकी अर्धवट झोपेत विचारते,
तो जेवला का?

मी पाचवा चौकोन काढला,
पट्टीशिवाय, जरा वाकडा.
बिजू बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.
‘बिनपगारी होईल,’ म्हणाला, ‘चालेल?’

मी मनात
पाटल्यांचं वजन आठवत होतो.