पत्र्याची वही

उदगीरच्या जुन्या मोंढ्यामागं दस्तगीर पेंटरचं दुकान.
फ्लेक्स आले, पाट्या गेल्या,
उरले टँकर.
निळ्यावर पांढरं: पिण्याचे पाणी.
'ण्या'चा काना ते जरा लांब ओढायचे,
धार लागल्यासारखा.

त्या फाल्गुनात गारा पडल्या, लिंबाएवढ्या.
दुकानापुढं वाळत टाकलेला पत्रा
देवीचे वण आलेल्या तोंडासारखा झाला.
ठोकून सरळ करतो, मी म्हणालो.
"हात लावू नको."
चष्मा पुसून, झिरो नंबरच्या ब्रशनं
एकेका खड्ड्याला त्यांनी पांढरी कड दिली.
दोनशे अकरा.
खाली तारीख टाकली. सही नाही.
"आपलं काम नाही ते."

तेव्हापासून दरसाल एक कोरा पत्रा
माळवदावर उघडा.
एका साली नुसतं ऊन उमटलं,
प्रायमर पापुद्रे धरून सुटला.
एका भादव्यात तीन दिवस पाणी तुंबून राहिलं,
कडेनं शेवाळाची ओळ आली.
तिच्याकडं ते दुपारभर बघत बसले,
ब्रश रॉकेलात तसाच.

भंगारवाला सायकल टेकवून विचारतो,
चाचा, हे किलोवर देता का?
ते त्याला चहा पाजतात.

यंदा त्यांचे गुडघे गेले,
पत्रा मी चढवला.
खालून ओरडले,
"चारी कोपऱ्यांवर दगड ठेव रे,
वारं वाचायला घेऊन जातं!"

ठेवले.
मार्गशीर्ष चालू होता.
दगड हाताला पोळत होते.