दिवाडीवर, दहाच्या आधी

हप्त्यावर घेतलेला लॅपटॉप,
त्यात शपथेवर सांगते, पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर,
पडद्यावर दोन चकत्या, कधीच न झिजणाऱ्या,
आणि सोबतीला टॅब, कारण दिवाडीवर वीज
पाहुण्यासारखी: येते, बसते, जाताना सांगत नाही.

स्पीकर रायबंदरहून फेरीत आले,
रोकच्या पिकअपमध्ये, मासळीच्या पाट्यांना टेकून.
एका वूफरला अजून बांगड्याचा वास आहे.
बास मात्र चांगला देतो.

गाणी मी रंगांवरून ओळखते.
तळाला लाल, माथ्यावर निळं,
मध्ये कुणाचा गळा असला की हिरवट.
गाणं वाजण्याआधीच सॉफ्टवेअर ते वाचून घेतं,
भटजी पत्रिका वाचतात तसं,
आणि त्याच्या कपाळावर आकडा मांडतं.
एकशे अठ्ठावीसशी एकशे अठ्ठावीस.
सिंक दाबायचं. छत्तीस गुण.

साडेनऊला इनास अंकल माझ्यामागे येऊन उभे.
मुलीचं लग्न, भाड्याचा सूट, बाह्या बोटांपर्यंत,
मोबाईल निखाऱ्यासारखा लांब धरलेला.
"बाय, हें लाव. किरोबिनचो ताळो."
नवरीची आई. जाऊन अकरा वर्षं.
कुणा पुतण्याने कॅसेटवरून उतरवलेली.

सॉफ्टवेअरने वाचायला घेतलं.
म्हणालं, एकाहत्तर.
मग म्हणालं, एकशे बेचाळीस.
मग गोल गोल फिरत राहिलं,
आणि आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा.
या बाईची पत्रिकाच नाही.

ठोक्यांच्या उभ्या रेषा असतात पडद्यावर, कुंपणासारख्या.
ती एकदाही कुंपणाच्या आत सापडेना.
कुठे पुढे, कुठे मागे,
एका ठिकाणी भांडं पडतं
आणि ती गाता गाता हसते.

मी सिंक काढलं.
ऑटोमिक्स काढायला विसरले.
चूक एवढीच.

दुसऱ्या कडव्यानंतर ती थांबली.
रेघ सपाट झाली, ओहोटीला खाजण होतं तशी.
सॉफ्टवेअरने मोजलं, एक सेकंद, दोन,
संपलं असं ठरवलं,
आणि पुढचं आत ढकललं.
बांगड्याचा वूफर धडाडला.

माटवात तीनशे माणसं, एक पाय हलला नाही.
नवरी ग्लास हातात धरून तशीच.
मी फेडर ओढला तोवर
पहिल्या चकतीवर ती पुन्हा सुरू झाली होती,
कुणाला ऐकू न येता,
हिरवट रेघ खाली-वर, खाली-वर.

मला वाटलं इनास अंकल रडतील.
ते हसत होते, खांद्यांनी.
"तें अशेंच रावतालें. इगर्जेंतूय.
पाद्रीक दिसतालें, विसरलें."
मग डोळे न पुसता म्हणाले, "परत लाव."

नऊ बावन्न. गाणं सात मिनिटांचं.
दहाला हवालदार मोटरसायकल बंद न करताच
फाटकाशी उभा राहतो, हे सगळ्यांना माहीत.
बाकीची एकशे अठ्ठावीसवाली वाट बघत राहिली,
त्यांच्यासाठी आणलेली पोरं बूट घासत राहिली.

ती थांबली.
फेडरवर माझं बोट, हलायचं नाही म्हणून दाबलेलं.
तेवढ्यात जनरेटर ऐकू आला,
कुणाचं तान्हं,
पलीकडे नारव्याच्या बाजूला एक कुत्रा.
नवरीने श्वास घेतला, मी पाहिलं,
आणि बरोबर तिथेच आईने गाणं उचललं.

शेवटच्या फेरीची वाट बघताना सेटिंग उघडलं.
किती सेकंद शांतता असली
की गाणं संपलं असं धरावं?
एक पट्टी, शून्यापासून दहापर्यंत.
दहावर नेली.
त्याच्या पुढे जात नाही, बघितलं ओढून.

फेरी धक्क्याला लागली.
इंजिन, अंदाजे शहाण्णव, मध्येच घसरणारं.
रोक म्हणाला, लॅपटॉप मीट आता,
पाणी उडतंय.