चाळीस पावलं

फोन सांगतो : नागपूर ते कोलकाता,
नऊशे सत्तर किलोमीटर, सरळ रेषेत.
एक तास चाळीस मिनिटं.
खिडकीजवळची जागा हवी तर साडेतीनशे रुपये वर.

बाबा खाटेवरून विचारतात, "कायचा हिशोब चालू हाये?"
मी अंतर सांगते, वेळ सांगते.
बदलीचं पत्र येऊन आठवडा झाला,
ते नाही सांगत.

"एक तास चाळीस?" बाबा हसतात, दातांशिवाय.
"आमच्या डकोट्याले चार तास लागे.
पण मले पुसशीन, तं चाळीस पावलं."

सोनेगाव. मध्यरात्र उलटलेली.
चार दिशांनी चार विमानं उतरायची,
मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास,
आणि डांबरावर समोरासमोर उभी राहायची
लग्नातल्या व्याह्यांसारखी, अवघडून.
पोटात थैल्या, थैल्यांत पत्रं.
मद्रासची थैली कलकत्त्याच्या विमानात,
कलकत्त्याची दिल्लीच्या,
आणि मधल्या अंधारात
डोमाजी शेंडे, बिल्ला नंबर सतरा,
अख्खं मद्रास खांद्यावर घेऊन
कलकत्त्याकडे चालत निघालेला.
चाळीस पावलं. पावसात पंचेचाळीस.

दिल्लीची थैली डिसेंबरात इतकी गार
की मानेला चटका बसे.
कलकत्त्याची बारा महिने ओलसर.
"तिकडचे लोक लिवता लिवता रडतेत," रामटेके म्हणे.
रामटेके काहीही म्हणे.

"बाबा, तुम्ही कधी बसलात विमानात?"
"चढलो ना. झाडू माराले."

एका जानेवारीत धुकं उतरलं, विमान नाही.
तिघांनी तासभर वाट पाहिली,
मग एकेक करून उडून गेली.
कलकत्त्याच्या सहा थैल्या उरल्या शेडमध्ये.
बाबा त्यांना पाठ टेकून बसले उजाडेपर्यंत,
खिशात बिडी, पेटवली नाही,
आत सगळा कागद होता.
"कोनाची नोकरी असंन त्याच्यात,
कोनाचं लगन, कोनाची तेरवी.
मी नुसता बसलो.
त्या रात्री कलकत्ता केवढं दूर होतं,
ते लिवलं हाये का तुया फोनात?"

नाही लिहिलेलं.
फोनात लिहिलंय : फक्त तीन जागा शिल्लक.

आता खाटेपासून मोरीपर्यंत बावीस पावलं,
वॉकरची चार रबरी टोकं फरशीवर ठक, ठक.
मधे कपाटापाशी थांबतात, हात टेकतात, दम घेतात.
मी मागे उभी, धरायचं नाही अशी ताकीद.
"अर्ध्यात आलो," ते म्हणतात, स्वतःशीच.

छतावरून एक विमान जातं, खूप उंचावरून,
आवाज त्याच्या मागून येतो, उशिरा.
बाबा मान वाकडी करून ऐकतात.
"कुठचं व्हय?"
फोनवर बघून सांगते : चेन्नईहून निघालंय, दिल्लीला चाललंय.
"उतरते आता?"
"नाही बाबा. इथे नाही उतरत. वरूनच जातं."

ते बराच वेळ तसेच उभे,
एक हात कपाटावर, दुसरा खांद्याशी गेलेला,
जिथे कातडी अजून जाड आहे.

"मंग थैली कोन घेते?"