पहिला हात

पंख साबणाच्या पाण्यात धुतले, वाळवले.
गच्चीवर नको.
मे महिन्यात ग्वाल्हेरची धूळ
ओल्या रंगावर आधी येऊन बसते.
म्हणून मोरीत, दार लावून,
वीतभर अंतरावरून प्रायमर :
फुस्स. थांब. फुस्स.

चकचकीत प्लास्टिक काही बोलत नाही.
राखाडी पहिला हात बसला
आणि चुगल्या सुरू :
सांध्यातली फट, कानशीचे ओरखडे,
डाव्या पंखाखाली
गोंदात उमटलेला अंगठा.

माझा नाही. माझ्या अंगठ्यावर व्रण आहे.
अर्धं श्रीपादनं जोडलेलं हे,
गोंद वाळायची वाट न बघता.
गेलाही तसाच.

महाराजपुऱ्याकडून खरं विमान उठलं,
बादलीतलं पाणी शहारलं.

चारशे नंबरचा पॉलिश पेपर
मघाशीच भिजत घातलाय.
पंख केव्हाच वाळला.
पेपर पाण्यात मऊ पडत चाललाय.