सुहास पाष्टे, उद्या सकाळी

सातच्या आत निघू.
मुहर्रकच्या पुलावर दोन्ही बाजूंना समुद्र दिसेल.
तू बघणार नाहीस. मीही बघितला नव्हता.

खिडकीतली बाई विचारेल: काय, किती, कधीपासून.
तुझ्या तोंडून आपोआप 'दोन' येईल.
चौदा सांग.
चौदाला तिथं कोणी दचकत नाही,
दोन म्हटलं की मात्र डॉक्टर पेन खाली ठेवतो
आणि वाट बघत बसतो.

मग बाटली देतील, संडासाचं दार अर्धं उघडं ठेवून.
बुटांच्या नाड्या काढतील, पट्टा, मोबाइल,
कमरेचा करदोडासुद्धा.
त्या करदोड्यासाठी मी भांडलो.
लिसी सिस्टरनं तो कागदात गुंडाळला,
वर माझं नाव लिहिलं, खणात ठेवला.
नाव चुकलं होतं. तरी ठेवला.

पहिली रात्र फसवी. वाटेल, एवढंच?
दुसऱ्या रात्री पाय तुझे राहत नाहीत,
होडीच्या तळाशी पडलेल्या बांगड्यासारखे उडतात.
नाक गळतं, पोट सुटतं,
जांभयांवर जांभया, आणि झोप नाही.
त्या रात्री एका म्हाताऱ्या सुदानी डॉक्टरला
मी गुहागरी शिव्या दिल्या, आईवरून.
तो "खलास, खलास" म्हणत
कपाळावर ओला टॉवेल ठेवत राहिला.
सकाळी लाज वाटेल. वाटू दे.
भुकेच्या आधी लाजच परत येते.

भूक साधारण सहाव्या दिवशी.
आठवेल कुळथाची पिठी, मिळेल मसूर आणि खुबूस.
रडशील. खुबूस एवढं कारण पुरतं.

मग खुर्च्या गोल मांडतात.
एक पठाण ड्रायव्हर, एक फिलिपिनो आचारी,
इथलाच एक श्रीमंत पोरगा, अत्तर लावलेला,
सतत नखं खाणारा.
ज्यानं त्यानं आपलं सांगायचं, मोडक्या हिंदीत.
'व्यसन' म्हणायला माझी जीभ वळेना.
मी म्हटलं, पाठ दुखत होती.
सगळ्यांनी माना हलवल्या.

पाठ तुझीही दुखत होती.
ऑगस्ट, गोदी, जहाजाच्या पोटात वेल्डिंग,
तू गुडघ्यांत डोकं घालून बसलास
आणि मी खिशातली पट्टी काढून म्हटलं,
घे, अर्धीच घे.
तुझी पाळी येईल तेव्हा हे सांग.
नावासकट सांग.
मी बाहेर बाकावर असेन.

एक आधीच सांगतो. खोली बदलून मिळत नाही.
कॅम्प तोच, फोरमन तोच,
लाँड्रीमागचा तो माणूस तसाच सलाम करेल,
आपुलकीनं तब्येत विचारेल.
मी दोनदा परत गेलो त्याच्याकडे.
तिसऱ्यांदा खिडकीशी उभा राहिलो
तेव्हा त्याच बाईनं विचारलं: काय, किती, कधीपासून.
आवाज जरासुद्धा चढला नव्हता.
त्या न चढलेल्या आवाजावर
मी अकरा महिने काढलेत.

तुझ्या आईला म्हटलंय, लांबच्या साइटवर गेलाय, रेंज नाही.
ती म्हणाली, तिथं मासे मिळतात ना त्याला?
मी म्हटलं, मिळतात.

लुंग्या दोन घे, चप्पल साधी.
करदोडा आज रात्रीच सोड,
माझ्याकडे दे.
नाव मी नीट लिहीन.