खोटी थंडी

शाळेच्या कचेरीतलं ते यंत्र
आल्दोनाने निवृत्तीच्या दिवशी मागून आणलं.
घड्याळ नको म्हणाली, फुलं नकोत.
एकोणीस वर्षं तिने त्यातून काढली होती
मुलांची ओळखपत्रं, जेवणाची वेळापत्रकं,
'ओल्या फरशीवर धावू नका'.

आता पानेवेझीसच्या तिसऱ्या मजल्यावर
स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याची पाठ उघडी.
चार स्क्रू बशीत, पाचवा सापडत नाही.
आत दोन रबरी रूळ, एकमेकांना बिलगून,
आणि रुळाला गाल लावून बसलेला
काचेचा मणी, मोहरीएवढा.

तोच सांगतो किती तापलं.
एकशे तीसला म्हणतो, पुरे.
टोनरला लागतात एकशे ऐंशी;
त्याखाली तो कागद सोडत नाही,
तांब्याला शिवून परत फिरतो
दारातूनच निघालेल्या पाहुण्यासारखा.

मणी तापेल तसा त्याचा विरोध मावळतो.
म्हणून आल्दोना त्याच्या वाटेत
एक रेझिस्टर डकवते, तांदळाएवढा.
आता यंत्राला वाटतं अजून गारच आहे,
आणि ते तापत राहतं.

"खोटं सांगायचंच तर थोडं सांग,"
शेजारचा रिमांतास म्हणतो, जुना वायरमन.
"आणि तो फ्यूज काढू नकोस.
एवढं एक खरं बोलणारं घरात असू दे."

पहिली पाटी वाया गेली,
छापताना उलटं करायचं राहिलं.
दुसरीला दातेरी चाक कुरकुरलं,
जळक्या बटणाचा वास.
खिडकी उघडली तर बाहेर उणे अकरा,
आणि मणी क्षणभर खरंच गारठला.

तिसरीला फर्निचरच्या कॅटलॉगचं पान,
गुळगुळीत, सोफ्याचं.
नऊ वेळा घातलं, नऊ वेळा
पलीकडून चिमट्याने धरलं.
मग कोमट पाणी, आणि बसून राहणं.
अंगठ्याखाली सोफा विरत गेला:
आधी उशी, मग हात, शेवटी किंमत.
उरल्या काळ्या वाटा, सलग,
एक जागा सोडून. तिथे तिने
नेलपॉलिशचा पूल बांधला.

फेरिक क्लोराइडचे डाग सिंकला अजून आहेत.

कशासाठी, विचारलं तर ती
धाकट्या भावाच्या मधपेट्यांचं सांगते.
तो गेला सप्टेंबरात. पेट्या सात.
मधमाश्या तिला फारशा आवडतही नाहीत.
पण हिवाळ्यात झाकण उघडायचं नसतं,
उघडलं की ऊब जाते;
म्हणून प्रत्येकीत एक मणी सोडायचा
आणि लांबून विचारायचं.

रात्री पावणेबाराला पाटीवर लाल ठिपका लागतो.
आकडे येतात. बावीस. चोवीस. तेवीस.
पुन्हा चोवीस, वीस, बावीस.
सातवीत दोन.

आल्दोना उठते, तारा चाचपते,
एकेक डाख भिंगाखाली बघते,
नेलपॉलिशच्या पुलाची जागा बघते.
कुठेच काही चुकलेलं नाही.
या मण्यांच्या वाटेत
तिने काहीच ठेवलेलं नव्हतं.